तव्याला लागलेली करंजी

या सदरांत आजवर आम्हीं व्याकरणाविषयीं लिहिलें, मुलांच्या अक्षराविषयीं लिहिलें, एकत्र कुटुंबांतील पाहुण्यारावळ्यांविषयीं लिहिलें. पाककृति मात्र कधीं लिहिली नाहीं. ज्याचें सारें आयुष्य ‘रामः, रामौ, रामाः’ घोकून घेण्यांत गेलें त्यानें पिठांत हात घालूं नये, असा आमचा समज होता, आणि घरांतील स्त्रीवर्गाचाहि तोच होता. परंतु यंदाच्या भाद्रपदांत आमच्या स्वयंपाकघरांत असें कांहीं घडलें कीं, आतां न लिहिणें म्हणजे टाळणें होईल. वाचकभगिनींना यांत घेण्यासारखें कांहीं आढळल्यास त्याचें श्रेय आमच्या धाकट्या सूनबाईंस द्यावें; चुका आढळल्यास त्या आमच्या.

आमचे धाकटे चिरंजीव जपानांत हामामात्सु या शहरीं नोकरीस आहेत. २०१९ सालीं त्यांनीं तेथीलच एका मुलीशीं लग्न केलें. आम्ही लग्नास गेलों नाहीं. प्रकृतीचें निमित्त सांगितलें. प्रकृति त्या वेळीं उत्तम होती हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. आमच्या पत्नीची जाण्याची फार इच्छा होती. तिनें एकटीनें जावें असें आम्हीं म्हटलें नाहीं, आणि तिनें विचारलें नाहीं. २०२० च्या श्रावणांत ती गेली. विमानें बंद असल्यामुळें चिरंजीवांस येतां आलें नाहीं. सूनबाईंनीं आमचें घर प्रथम पाहिलें तें यंदा, गणपतीच्या आधीं आठ दिवस, चार वर्षांच्या मुलीचा हात धरून. कोणीं तरी तिला ‘मामंजी’ हा शब्द शिकविला होता. उंबऱ्यांतच तिनें तो इतका स्पष्ट उच्चारला कीं, आम्हांस काय बोलावें तें सुचलें नाहीं.

दुसऱ्याच दिवशीं तिनें चिरंजीवांकरवीं विचारलें कीं, आमच्या गांवचा पदार्थ मीं घरच्यांना करून घातला तर चालेल काय? हामामात्सु शहर ज्या पदार्थासाठीं प्रसिद्ध आहे त्याचें नांव ग्योझा. नांव जपानी, पदार्थ मूळचा चीनचा. उत्तर चीन हा गव्हाचा मुलूख. तेथें गव्हाच्या पातळ पारींत सारण भरून केलेल्या या करंज्यांना जिआओझी म्हणतात, व बहुधा त्या पाण्यांत उकडून खातात. चिनी नववर्षाच्या पूर्वरात्रीं घरांतील थोरलहान सारीं माणसें एकत्र बसून त्या भरतात. आकार जुन्या काळच्या चांदीच्या लगडीसारखा ठेवतात, आणि एखादींत नाणें दडवितात. तें ज्याच्या दातांखालीं येईल त्याला तें वर्ष भरभराटीचें. हान राजवटीच्या अखेरच्या काळांत होऊन गेलेला झांग झोंगजिंग नांवाचा वैद्य हा या पदार्थाचा जनक, अशी तिकडे आख्यायिका आहे. कडाक्याच्या थंडीनें कान फुटलेल्या गोरगरिबांना त्यानें मांस व औषधी पारींत गुंडाळून, कानाच्या आकाराच्या करंज्या करून, रश्श्यासह खाऊं घातल्या म्हणतात. आख्यायिका ती आख्यायिका. परंतु सिंकियांग प्रांतांत तुर्फानजवळ अस्ताना येथील थडग्यांत तांग काळांतल्या, म्हणजे अकराशें वर्षांहूनहि जुन्या, करंज्या वाळवंटाच्या कोरड्या हवेंत वाळून जशाच्या तशा सांपडल्या आहेत. आमच्या मोदकाचा असा पुरावा मिळण्याची आशा नाहीं. आमच्या हवेंत तो टिकत नाहीं, आणि टिकला तरी घरांतलीं मुलें टिकूं देत नाहींत.

याच करंज्या कच्च्याच तव्यावर लावून, खालून खरपूस भाजून व वरून वाफवून केल्या म्हणजे त्यांस चिनी भाषेंत ग्वोत्ये म्हणतात. ग्वो म्हणजे कढई किंवा तवा, त्ये म्हणजे चिकटणें. ‘तव्याला चिकटलेली’ असा सरळ तत्पुरुष. बुवेइ यांग चाओ या चिनी विदुषी मूळच्या डॉक्टर, जपानांत वैद्यक शिकलेल्या. त्यांचे पति युएन रेन चाओ हे थोर भाषाशास्त्रज्ञ. १९४५ सालीं बाईंनीं अमेरिकेंत चिनी स्वयंपाकावर पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि या पदार्थाचें त्याच अर्थाचें इंग्रजी नांव त्या पुस्तकानें रूढ केलें असें मानतात. आईनें सांगावें, मुलीनें इंग्रजींत उतरावें, आणि वडिलांनीं मध्यें पडून वाक्यें बदलावींत, असें तें पुस्तक तयार झालें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस हें दृश्य डोळ्यांपुढें आणणें कठीण जाऊं नये.

जपानांत हा पदार्थ घरोघरीं गेला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. मांचुरियांत गेलेले जपानी शिपाई व वसाहतवाले १९४५ नंतर हरून, सर्वस्व गमावून मायदेशीं परतले, आणि ही चव तेवढी बरोबर घेऊन आले. चीनमध्यें प्रतिष्ठा उकडलेल्या करंजीची. जपानांत भाजलेलीची, आणि तिची पारी अधिक पातळ. उत्सुनोमिया आणि हामामात्सु या दोन शहरांत ग्योझ्यावर वर्षाकाठीं दर कुटुंब अधिक खर्च कोणाचा याची सरकारी आंकडेवारीवरून दरसाल चुरस चालते. २०२१ सालीं मियाझाकी या तिसऱ्याच शहरानें दोघांसहि मागें टाकलें. सूनबाईंनीं ही गोष्ट सांगितली तेव्हां तिच्या चेहऱ्यावर खरोखरीचें दुःख होतें.

मुळांत या सारणांत बहुधा डुकराचें मांस व लसूण असते. मांसाचा प्रश्न आमच्या घरीं उद्भवतच नव्हता. लसूण-कांद्याचें म्हणावें तर चातुर्मास चालू. सूनबाईंनीं मांसाऐवजीं अळंबी सुचविली, तों आमच्या वडील भगिनी (यांस सारें घर अक्का म्हणतें, वय ८४) म्हणाल्या, “भूछत्रें या घरांत शिजायचीं नाहींत.” येथें अक्कांचा पक्ष शास्त्रानें बळकट आहे, मनूनें लसूण व कांदा यांबरोबरच कवक, म्हणजे अळंबींचा वर्गहि, द्विजांस वर्ज्य सांगितला आहे. त्याच यादींत गृंजन आहे. गृंजन म्हणजे गाजर, कीं सलगम, कीं लसणीचाच एक भेद, याविषयीं एकमत नाहीं. मतभेदाचा फायदा घेऊन आम्हीं गाजर घालूं दिलें. चीन-जपानांतील बौद्ध मठांतहि लसूण, कांदा व त्या जातीच्या उग्र भाज्या वर्ज्य आहेत, हें सूनबाईंकडून ऐकून अक्का थोड्या नरमल्या. “म्हणजे तिकडे अगदींच रान नाहीं,” एवढें बोलून त्या आपल्या पाटावर बसल्या.

पहिला प्रयोग फसला. आमच्याकडचा लोखंडी तवा तापवून तिनें चाळीस करंज्या सुरेख वर्तुळांत लावल्या, पाणी घातलें, झांकण ठेवलें, आणि उघडून पाहते तों सर्वांच्या तळाच्या पाऱ्या तव्याला लागलेल्या. कालथा घातला तर वरचा भाग हातांत व तळ तव्यावर. सारण बाहेर आलें, मुलें हंसलीं. आमच्या वहिनींनीं “असूं दे ग, चव छान आहे,” असें म्हटलें. पण सूनबाई मान खालीं घालून तो तवा खरवडीत बसली, आणि बराच वेळ खरवडीत होती. अक्का मात्र तव्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “पोरीचा दोष नाहीं. तव्याचें पाणी गेलें तें त्या बाईबरोबर.”

ही बाई म्हणजे आमच्याकडे एकोणीस वर्षें भांडीं घांसावयास असलेली बाई. तिच्याविषयीं आम्हांस येथें लिहावेंच लागेल. २०२१ च्या दिवाळींत, पत्नीचें वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळींत, करंज्यांचें पितळी कातणें सांपडेना. तें आमच्या मातोश्रींचें; चक्राचा एक दांता मोडलेला. सारें घर धुंडाळलें. शेवटीं आम्हीं त्या बाईस विचारलें, आणि विचारतांना जो स्वर काढावयास नको तो काढला. ती म्हणाली, “मास्तर, पितळेच्या तुकड्यासाठीं मीं एकोणीस वर्षें थांबलें असतें काय?” आम्हीं यास उद्धटपणा समजलों. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाहीं. तिच्या जागीं आलेल्या मुलीनें सारीं भांडीं लखलखीत ठेवलीं, तवासुद्धां.

येथें थोडें रसायन. लोखंडी तव्यावर तेलाचा पातळ हात फिरवून तो तापवीत गेलें म्हणजे तें तेल आपलें रूप बदलून लोखंडावर काळसर, गुळगुळीत, घट्ट थर होऊन बसतें. हा थर वर्षानुवर्षांच्या वापरानें चढतो, आणि घांसणीनें थोड्या दिवसांत उतरतो. जुन्या बाईला हें ठाऊक होतें. ती तवा फडक्यानें पुसून, कोरडा करून, तेलाचें बोट लावून ठेवी. उघड्या लोखंडावर ओली पारी टेंकली कीं ती धरून बसते. पुतण्यानें दुकानांतून निर्लेप तवा आणतों म्हणून सांगितलें. निर्लेप हें विशेषण उपनिषदांच्या वाटेनें येऊन बाजारांत तव्यास लागलें याची आम्हांस नेहमींच मौज वाटते. सोयीचा तवा आहे, आणि ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं खुशाल तोच घ्यावा. पण अक्कांनीं नकार दिला. तीन दिवस त्या स्वतः शेगडीपाशीं बसून जुन्या तव्याला तेल पुशीत व धूर येईतों तापवीत होत्या. चौथ्या दिवशीं, हरतालिकेच्या आदल्या दिवशीं, त्यांनींच सूनबाईस हांक मारली.

या खेपेस आम्हीं वही घेऊन शेजारीं बसलों, तें सांगतों. पाव किलो मैदा परातींत घेऊन चिमूटभर मीठ घालावें. पाणी उकळून, क्षणभर थांबून, सुमारें दीडशें मिलिलिटर थोडथोडें ओतीत पळीच्या दांड्यानें कालवावें. सर्व एकदम ओतूं नये, कारण मैद्यामैद्यांत फरक असतो. हाताला सोसेल इतकें निवालें कीं मळावें व ओल्या फडक्याखालीं अर्धा तास ठेवावें. पाणी गरम कां? गव्हांत जो चिवट अंश असतो तो गार पाण्यानें मळल्यावर ताणदार होतो; लाटलेली पारी आंखडून परत येते. उकळत्या पाण्यानें त्या अंशाचा जोर मोडतो, आणि पिठांतला स्टार्च फुगून पुष्कळ पाणी पितो. पीठ मऊ, आज्ञाधारक होतें. पाण्यांत उकडावयाच्या करंज्यांना मात्र चिवटपणा हवा, म्हणून त्यांचें पीठ गार पाण्यानेंच भिजवितात. अक्कांनीं परातींत डोकावून “ही तर उकड,” असें म्हटलें, व तें खरेंच आहे. फरक इतकाच कीं तांदळांत तो चिवट अंश नसतोच. तेथें स्टार्च शिजल्याशिवाय मोदकाची पारी एकसंध राहणार नाहीं.

सारणासाठीं अर्धा किलो कोबी अगदीं बारीक चिरून, मीठ लावून, पाव तास ठेवावा व मग पंचांत बांधून पिळावा. इतका पिळावा कीं आणखी थेंब निघूं नये. पारी फुटते ती बहुधा कोबीच्या पाण्यानें. त्यांत एक किसलेलें गाजर, मूठभर कुस्करलेलें पनीर, आल्याचा कीस, मिरपूड, भाजून कुटलेले तीळ व चमचाभर तिळाचें तेल. जपानी तिळतेल भाजलेल्या तिळांचें असतें. आपलें तसें नसतें, म्हणून तीळ भाजून घालावयाचे. सोयाबीन व गहूं आंबवून केलेला काळा सॉस तिनें बरोबर आणला होता. तो खारट असल्यामुळें वरून मीठ घालतांना हात आंवरावा.

पिठाच्या सुपारीएवढ्या गोळ्या, पस्तीस ते चाळीस होतात. पारी हाताच्या तळव्याएवढी. मध्यें जाड, कांठाला पातळ. ती एका हातानें पारी फिरवीत व दुसऱ्यानें आंखूड लाटणें कांठापासून मध्यापर्यंत नेऊन परत आणीत होती. पोळपाट जवळजवळ नुसता साक्षी. मध्यें चमचाभर सारण, कांठाला पाण्याचें बोट, मग अर्ध्यांत दुमडून पुढच्याच बाजूस पांचसात चुण्या. मागची बाजू सपाट राहते, त्यामुळें करंजी चंद्रकोरीसारखी वळते व आपल्या तळावर बसते. अक्कांचे हात हल्लीं कांपतात. मुरड घालणें त्यांनीं दोन वर्षांपूर्वीं सोडलें. त्यांनीं एक पारी हातांत घेतली, चुण्या घातल्या, आणि सूनबाईंच्या करंजीशेजारीं ठेवली. अक्कांची थोडी वांकडी होती. सूनबाईंनीं ती उचलून वर्तुळाच्या मधोमध ठेवली. हामामात्सूस वर्तुळाच्या मध्यें उकडलेले लांब मोडांचे मूग ठेवण्याची चाल आहे. त्या दिवशीं ती जागा अक्कांच्या करंजीस मिळाली.

तवा चांगला तापवून दोन चमचे तेल, मग करंज्या. येथून पुढें त्यांस हलवूं नये. ज्याला धीर नाहीं त्याची करंजी तुटते. तळ बदामी होण्यास दोनतीन मिनिटें. मग करंज्यांच्या तिसऱ्या हिश्शाइतकें गरम पाणी ओतून तत्क्षणीं झांकण. त्या पाण्यांत चमचाभर मैदा कालवला तर तळाशीं जाळीदार पापुद्रा सुटतो. जपानांत त्यास पंख म्हणतात. पांचसहा मिनिटें वाफ. तव्यांत पाणी आहे तोंवर उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जात नाहीं. सारण शिजतें, पारी भाजत नाहीं. पाणी संपलें कीं उष्णता झपाट्यानें वर चढते, आणि १४० अंशांच्या सुमारास तो तांबूसपणा व खमंग वास निर्माण होऊं लागतो, ज्याची रासायनिक मीमांसा मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं प्रथम मांडली. पाणी संपल्याची वेळ कशी ओळखावी, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “मामंजी, ऐका.” चाळीस वर्षें मुलांना आम्हीं हाच शब्द सांगितला. तव्याखालचा खदखद आवाज बारीक होत गेला, थांबला, आणि चर्र असा दुसराच आवाज उमटला. तिनें झांकण काढलें, कडेनें तेलाची धार सोडली, मिनिटभर थांबून वर ताटली पालथी घातली आणि तवा उलटा केला. एकूणएक करंज्या सुटून आल्या. सॉसमध्यें व्हिनिगर घालतात. आमच्याकडे लिंबू पिळलें.

उरलेल्या पाऱ्या नातीच्या वांट्याला आल्या. तिच्या बोटांना चुण्या जमत नव्हत्या. सूनबाई उठून आपल्या पिशवींतून कांहीं घेऊन आली, पारी दुमडून मुलीच्या हातांत तें दिलें, आणि मुलीनें कांठावरून तें फिरवलें. आम्हीं तो आवाज ओळखला. पितळेच्या चक्राचा, एका दांत्याशीं अडखळणारा.

“आई,” सूनबाई म्हणाली. “आईंनीं दिलं.” चिरंजीवांनीं खुलासा केला. २०२० च्या जानेवारींत ते आठ दिवस एकटे येऊन गेले होते. निघतांना आईनें कातणें रुमालांत बांधून सुनेसाठीं दिलें, आणि सांगितलें कीं बाबांना एवढ्यांत बोलूं नकोस, मी सवडीनें सांगेन. तिला सवड मिळाली नाहीं. घरांत त्या कातण्यावरून काय घडलें याची चिरंजीवांस वार्ताहि नव्हती. अक्का आमच्याकडे पाहत होत्या, आणि आम्ही वहींत पाहत होतों.

ती बाई आतां दोन आळ्या पलीकडे एका घरीं कामास जाते. त्याच संध्याकाळीं दहा करंज्या डब्यांत भरून आम्ही तिच्या घरीं गेलों. बोलावयाचें होतें तें सरळ, निमित्त न सांगतां बोललों. कातणें कोठें सांपडलें, कोणीं नेलें होतें, आणि आम्हीं तिला काय म्हटलें होतें, हें सर्व. तिनें मध्यें अडविलें नाहीं. ऐकून झाल्यावर डबा उघडून पाहिला व विचारलें, “करंज्या तव्यावर केल्या? कुठल्या तव्यावर?” आम्हीं सांगितलें. “घांसत जाऊं नका म्हणावं,” ती म्हणाली. दुसरें कांहीं बोलली नाहीं, आणि आम्ही परत आलों.

चार दिवसांनीं तिच्या मुलानें डबा आणून दिला. रिकामा नव्हता; आंत पांच लिंबें होतीं. सूनबाई जाण्यापूर्वीं करंज्या आणखी एकदां झाल्या, त्यांना तींच पिळलीं.